जहाजाच्या मॉडेलचं प्लँकिंग: नाळेपाशी पट्टी उचलते, काय करावं?

शिडवाला_ठाणे

नमस्कार मंडळी, लाकडी जहाजांची मॉडेल्स करणारं इथे कोणी असेल तर मदत हवी आहे. माझ्याकडे एचएमएस बीगलचं १:६० स्केलचं किट आहे, डार्विन १८३१ ते १८३६ ज्या जहाजावरून फिरला तेच. भाचा युरोपातून येताना घेऊन आला. आत्तापर्यंत मधला उभा कणा, त्यात अडकवलेल्या आडव्या फ्रेम्स म्हणजे बल्कहेड आणि वरचं कच्चं डेक एवढं बसवून झालंय, प्रत्येक फ्रेमला गुण्या लावून काटकोन तपासलाय, सगळं सरळ आहे.

आता हलवर, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगावर, पट्ट्या चढवायच्यात, ह्यालाच प्लँकिंग म्हणतात. किट डबल प्लँकिंगचं आहे, म्हणजे आतला थर ५ मिमी रुंद नि २ मिमी जाड पट्ट्यांचा आणि त्यावर ०.६ मिमीचा पातळ थर. गोंद न लावता एक पट्टी नुसती टाचण्यांनी धरून बघितली तर मधल्या भागात झकास बसते पण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, वळायला लागली की तिची एक कड फ्रेमला टेकते आणि दुसरी वर उचलते, बोटाने दाबली तर पीळ पडल्यासारखी दिसते. बीगलची नाळ चांगली गोल आहे, टोकदार नाही, त्यामुळे वळण फार पटकन येतं. पुस्तिकेत एका चित्रात उघड्या फ्रेम्स आहेत आणि लगेच पुढच्या चित्रात सगळं हल मढवून तयार, मधलं काही दाखवलेलंच नाही.

मापं देतो म्हणजे सांगायला सोपं जाईल. डेकच्या कडेपासून खाली कण्यापर्यंत फ्रेमच्या कडेकडेने मोजलं तर मधल्या सगळ्यात मोठ्या फ्रेमवर १२० मिमी, नाळेजवळच्या पहिल्या फ्रेमवर ७८ मिमी आणि मागच्या शेवटच्या फ्रेमवर १३२ मिमी येतात.

पट्ट्या निमुळत्या करायच्या का, किती करायच्या, आणि मागे जागा जास्त आहे तिथे काय करायचं हे कोणी नीट समजावून सांगेल का? घाई अजिबात नाही, पण गोंद लावण्याआधी समजून घ्यायचंय. आणि एक, घरात जुन्या कपाटाच्या सागवानी फळ्या आहेत, चांगल्या मुरलेल्या, दुसरा थर त्याच्या पट्ट्या काढून केला तर कसं? आपल्याकडे जहाजं सागवानाचीच व्हायची म्हणून मनात आलं.

मेघना_पुणे

गोंद लावायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं, प्लँकिंगमधलं अर्धंअधिक काम गोंदाच्या आधीच असतं.

आधी पट्टी उचलते का ते बघू. लाकडाची पट्टी जाडीच्या दिशेने वाकते आणि थोडा पीळही घेते, पण रुंदीच्या दिशेने, म्हणजे टेबलावर सपाट ठेवून डावीउजवीकडे वाकवायला गेलात तर वाकत नाही. घरात नारळ असेल तर कागदाची सरळ पट्टी त्याच्या मधोमध गुंडाळून बघा, छान बसेल. आता तीच पट्टी शेंडीच्या बाजूला सरकवा आणि मधल्या पट्टीला समांतर चिकटवायचा प्रयत्न करा, एक कड फुगून वर येईल. तुमच्या नाळेवर हेच होतंय. पट्टीला तिचा स्वतःचा रस्ता असतो, नुसती टेकवून सोडली की ती कुठे जाते ते दिसतं, आणि तुम्ही तिला वरच्या पट्टीला चिकटून चाल म्हणून जबरदस्ती करता तेव्हा कड उचलते. पट्टी निमुळती केली की तिला जो रस्ता घ्यायचाय आणि आपल्याला तिने जो घ्यायला हवाय त्या दोन्हींतलं अंतर खूप कमी होतं.

आता तुमची मापं. मध्ये १२० मिमी, पट्टी ५ ची, म्हणजे २४ पट्ट्या. ह्याच २४ नाळेपाशी ७८ मिमीत बसवायच्या म्हणजे एकेक सव्वातीन मिमी. नियम असा पाळतात की टोकाला पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करायची नाही, म्हणजे तुमच्याकडे अडीच मिमी ही हद्द, आणि सव्वातीन त्याच्या वर आहे त्यामुळे सगळ्या २४ पट्ट्या नाळेपर्यंत नेता येतील. नाळेजवळ ६० च्या आत माप आलं असतं तर काही ठिकाणी दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्यायला लागली असती, त्याला ड्रॉप प्लँक म्हणतात, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. मागे मात्र १३२ मिमी आहेत आणि २४ पूर्ण रुंद पट्ट्या १२० च भरतात, उरलेल्या १२ मिमीसाठी मागच्या बाजूने पाचरीसारखे तुकडे घालावे लागतात, त्यांना स्टीलर म्हणतात. मागच्या बाजूला पट्टी कधीच निमुळती करायची नाही, तिथे पूर्ण ५ ची राहू दे.

पण ही सगळी मापं फ्रेम्स घासून झाल्यावरची हवीत. नाळेकडच्या नि मागच्या फ्रेम्सच्या कडा लेझर कटिंगमुळे चौकोनी असतात आणि पट्टी त्यांच्यावरून तिरकी जाते, म्हणजे ती फक्त एका धारेला टेकते. एका सरळ लाकडी पट्टीला १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा, लांब असू दे म्हणजे एकाच वेळी तीन फ्रेम्सवरून फिरेल, आणि कडा तिरक्या होईपर्यंत घासा. मधेमधे एक पट्टी आडवी धरून बघायचं, प्रत्येक फ्रेमला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे आणि कुठेही खड्डा किंवा उंचवटा लागता कामा नये. नाळेतल्या पहिल्या दोन फ्रेम्समध्ये बाल्साचे ठोकळे भरून त्यांनाही तोच गोल आकार द्या. गोल नाळेच्या जहाजाला हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका, पट्टीला वळताना मधे आधार मिळतो आणि टाचणी टोचायलाही जागा होते. घासायला वेळ लागतो पण मला विचाराल तर सगळ्या कामात हेच सगळ्यात मोलाचं, फ्रेम्स नीट घासलेल्या असतील तर पुढची पट्टी स्वतःहून बसते.

मग आखणी. २४ पट्ट्या एकदम आखायच्या नाहीत, सहा-सहाचे चार पट्टे करा. मधल्या फ्रेमवर दर ३० मिमीवर खुणा, नाळेच्या फ्रेमवर दर साडेएकोणीसवर, आणि त्या खुणांवरून नाळेपासून मागपर्यंत, एकाखाली एक असे तीन काळे दोरे टाचण्यांनी ताणून लावा. आता मॉडेल लांब धरून पुढून बघा, खालून बघा, दोऱ्यांची लय डोळ्याला बरोबर वाटली पाहिजे, कुठे कुबड दिसलं तर खूण एखाद मिमी वरखाली करा. डोळा इथे स्केलपेक्षा जास्त बरोबर असतो. लय जमली की दोऱ्याच्या जागी पेन्सिलने खूण करून टाका.

प्रत्येक फ्रेमवर पट्ट्याचे सहा सारखे भाग पाडायला भागाकार करत बसू नका. आलेख कागद घ्या, त्यावर २ मिमी अंतराने सात समांतर रेघा गडद करा म्हणजे सहा फटी झाल्या. फ्रेमवरच्या पट्ट्याचं अंतर कागदाच्या कपचीवर घ्या आणि ती कपची रेघांवर तिरकी ठेवा, एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं सातव्या रेघेवर. मधल्या पाच रेघा जिथे तिला कापतात ते तुमचे भाग, परत फ्रेमवर उतरवून घ्या. कुठलीही फ्रेम असो, कागद तोच चालतो.

पट्टी निमुळती करताना एकच कड कापायची, वरच्या पट्टीला टेकणारी. धातूच्या पट्टीला दाबून धारदार कटरने, एका फटक्यात नाही, हलक्या हाताने तीन-चारदा, आणि शेवटी घासून. निमुळतेपणा साधारण नाळेकडच्या तिसऱ्या भागात येईल, मधे पट्टी पूर्ण रुंदच राहते.

वळवायचं असं: पट्टी पंधरावीस मिनिटं पाण्यात, मग गरम इस्त्रीच्या टोकावर किंवा केस सरळ करायच्या मशीनवर हळूहळू वाकवायची, आणि मग हलवरच क्लिपा लावून गोंदाशिवाय वाळू द्यायची. ओली पट्टी चिकटवली तर वाळल्यावर रुंदीत आकसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट पडते. ठाण्यात पावसाळ्यात हे जास्त जाणवेल, हवाच दमट असते, रात्रभर तरी ठेवाच.

गोंद साधा पांढरा फेव्हिकॉल, फ्रेमवरही आणि शेजारच्या पट्टीच्या कडेलाही. फेव्हिक्विकचा एखादा थेंब नाळेच्या टोकाशी पकडायला ठीक आहे पण सगळं त्यानेच करू नका, सरकवायला वेळ मिळत नाही आणि वरच्या थरावर सांडलं तर पॉलिश तिथे धरत नाही, डाग कायम राहतो.

आणि हे विसरू नका, एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तीच उजवीकडे. एकाच बाजूला पाचसहा चढवल्या तर कणा त्या बाजूला ओढला जातो आणि मग तो सरळ होत नाही.

देवगडचा_होडीवाला

मेघनाताईंनी सगळं व्यवस्थित सांगितलंय, मी फक्त खऱ्या होडीच्या बाजूने थोडं जोडतो. आमच्या घरात आजोबांपर्यंत होड्या बांधायचं काम होतं, मी ते बघत मोठा झालोय.

किटमध्ये सगळ्या पट्ट्या सरळ नि एका रुंदीच्या येतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की फळी म्हणजे सरळच. खऱ्या होडीवरची एक फळी काढून जमिनीवर सपाट ठेवली तर ती सरळ नसते, बाक असतो तिला, कधी दोन्हीकडे, एस सारखा. सुतार फळी वाकवून त्या आकाराची करत नाहीत, रुंद फळीतून तो आकारच कापून काढतात. त्यासाठी पातळ लाकडाची नाहीतर पुठ्ठ्याची पट्टी रिकाम्या जागेवर धरून वरच्या फळीची कड तिच्यावर उतरवतात, ती खूण रुंद फळीवर घेतात, मग कापतात. जाडीच्या दिशेचं वळण तेवढं शेक देऊन आणायचं, खाली जाळ, वरून पाणी मारत. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीत तर आधी फळ्या एकीला एक जोडत वर चढवायच्या आणि आतल्या फासळ्या नंतर बसवायच्या, त्यामुळे फळीचा आकार चुकला तर होडीचाच आकार चुकायचा. फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ.

मॉडेलला हेच करता येतं. नाळेच्या खालच्या भागात, कण्याला लागून असलेल्या दोन-तीन पट्ट्यांना ह्याचा फार फायदा होतो. रिकाम्या जागेवर पारदर्शक सेलोटेप लावा, वरच्या पट्टीची कड नि फ्रेमवरच्या खुणा पेनाने त्यावर उतरवा, टेप काढून पातळ लाकडाच्या शीटवर चिकटवा, कापा. किटमध्ये शीट नसेल तर त्याच जाडीचं वेगळं आणावं लागेल. लाकूड जरा वाया जातं पण पट्टी अशी बसते की क्लिपसुद्धा नावाला लागते.

कण्याला लागून जी पहिली पट्टी असते, गारबोर्ड म्हणतात इंग्रजीत, ती नाळेकडे वर चढू देऊ नका. बहुतेक जण तिला नाळेच्या लाकडावर उंच नेतात कारण ती सहज तिकडे जाते, आणि मग तिच्या वरच्या सगळ्या पट्ट्यांना जागाच उरत नाही, नाळेपाशी सुईसारखी टोकं करावी लागतात. जिथे कणा वर वळायला लागतो तिथेच तिचं टोक संपवा.

रविवार_सुट्टी

माझं मत थोडं वेगळं आहे. डबल प्लँकिंग आहे ना, मग आतला थर कोणाला दिसणार आहे? मी तर आतल्या थराला पट्ट्या मधे पूर्ण रुंद लावत जातो, नाळेकडे जिथे एकमेकींवर चढायला लागतात तिथे त्या तशाच आपल्या रस्त्याने जाऊ देतो आणि त्रिकोणी फटी राहतात त्या तुकड्यांनी भरतो. मग लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून लिंपायचं, वाळलं की घासायचं. गुळगुळीत गोटा मिळतो. मापंबिपं दुसऱ्या थराला घ्यायची. पहिलंच मॉडेल असेल तर माणूस आखणीतच कंटाळतो आणि किट माळ्यावर जातं, असे कितीतरी किट लोकांच्या माळ्यावर पडलेत.

मेघना_पुणे

@रविवार_सुट्टी, तुमचा मुद्दा खोटा नाही आणि असं करून सुंदर झालेली मॉडेल्स मी बघितलीत. पण दोन गोष्टी. आतला थर २ मिमी जाड असतो, म्हणजे चुका करून शिकायला तोच थर आहे, घासून दुरुस्त होतो. दुसरा ०.६ चा, घासायला गेलात तर आरपार जातो. आखणीचा सराव आतल्या थरावर झाला नाही तर पहिल्यांदा आखणी तिथे करावी लागते जिथे चूक झाकता येत नाही. आणि पट्ट्या सोडून दिल्या की डावी नि उजवी बाजू सारखी राहत नाही, डावीकडे फुगवटा थोडा पुढे, उजवीकडे थोडा मागे, पुढून बघितलं की लगेच डोळ्यात येतं.

कंटाळ्याचं मात्र पटलं. म्हणूनच सहा-सहाचे पट्टे करायचे, एक पट्टा डावी-उजवी झाला की ते काम पुरं झाल्यासारखं वाटतं, पुढचा पट्टा निवांत सुरू करता येतो.

टायनकाठचा_मराठी

सागवानाबद्दल लिहितो कारण तो प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला. मी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ राहतो आणि इथून खाली हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली ही जुनी शिडाची युद्धनौका उभी आहे, १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली, मलबारच्या सागवानाची. दोनशे वर्षं उलटली तरी पाण्यावर तरंगतेय. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडात ओकची टंचाई झाली म्हणून आरमाराने मुंबईत जहाजं बांधून घेतली. तिचे नकाशे पाठवले होते एचएमएस जावा ह्या जहाजावरून, जावा १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन ह्या युद्धनौकेशी लढाईत गेली, नकाशेही गेले, मग दुसरी प्रत पाठवावी लागली. मुंबईशी नातं असलेल्या प्रत्येकाने ते जहाज एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं, हात लावला की कळतं ते लाकूड काय आहे ते.

पण बीगल लंडनच्या वूलिच गोदीतली, १८२० साली पाण्यात उतरलेली, तिचा सागवानाशी संबंध नाही. आणि ते बाजूला ठेवलं तरी मॉडेलसाठी सागवान योग्य नाही. त्याचे रेषे मोठे, छिद्रं उघडी. १:६० ला तुमच्या मॉडेलवरची एक मिमीची रेघ म्हणजे खऱ्या जहाजावर सहा सेंटीमीटरची भेग, अशी दिसते ती. शिवाय सागवान तेलकट, फेव्हिकॉल नीट धरत नाही, थिनरने पुसून लगेच चिकटवलं तर धरतं पण ०.६ मिमीच्या पट्टीला हा उद्योग कोण करणार. कपाटाच्या फळ्या मॉडेलच्या बैठकीला वापरा, तिथे ते लाकूड शोभेल.

किटमधल्या लाकडाचा रंग आवडत नसेल तर हळदूच्या पट्ट्या मिळतात का बघा. पिवळसर, बारीक रेष्याचं, पूर्वी फण्या नि बॉबिन त्याचे करायचे, कडा फार स्वच्छ कापल्या जातात. शिवणीचं लाकूडही चालेल. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईत रे रोडच्या लाकडी बंदराकडे विचारून बघा, पातळ पट्ट्या मात्र कोणातरी सुताराकडून छोट्या टेबल सॉवर काढून घ्यायला लागतील.

दुसऱ्या थराबद्दल अजून एक. बीगल खरोखर डेकवर साडेसत्तावीस मीटर लांब होती, तुमचं हल त्यामुळे सेहेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास. एवढी लांब फळी कोणी लावत नाही. सहासात मीटरच्या फळ्या धरल्या तर मॉडेलवर दहा ते बारा सेंटीमीटरचे तुकडे होतात. सांध्यांना नियम असायचा, शेजारच्या दोन फळ्यांच्या टोकांचे सांधे एकमेकांपासून किमान पाच फूट दूर हवेत म्हणजे मॉडेलवर अडीच सेंटीमीटर, आणि एकाच फासळीवर दोन सांधे यायचे असतील तर मधे तीन अखंड फळ्या हव्यात. हा क्रम एकदा वहीत आखून घेतला की लावणं सोपं आहे आणि मॉडेल एकदम खऱ्या जहाजासारखं दिसायला लागतं. तुकडे छोटे असल्यामुळे नाळेवर वळवणंही सोपं जातं हा वरचा फायदा.

शिडवाला_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. फ्रेम्स घासून झाल्या, बाल्साचे ठोकळेही भरले. मेघनाताई, घासल्यावर नाळेचं माप ७८ वरून ७५ वर आलं, म्हणजे एकेक पट्टी ३.१ मिमी, अजून हद्दीत आहे. दोरे ताणून लावलेत, दुसरा दोरा नाळेकडे जरा खाली घेतला तेव्हा लय जमली. वरचा सहा पट्ट्यांचा पट्टा दोन्ही बाजूंनी चढलाय आणि एकही कड उचललेली नाही! आलेख कागदाची युक्ती तर अप्रतिम, मुलीनेच सगळ्या खुणा करून दिल्या. होडीवाले दादा, गारबोर्ड तुम्ही म्हणालात तिथेच संपवणार आहे, खूण करून ठेवलीये.

आता दोन शंका. मागे स्टीलर नेमके कुठे घालायचे, सगळ्यात खाली का? आणि मागे सुकाणूच्या खांबापाशी पट्ट्या येऊन भिडतात तिथे जाडी फार होईल असं वाटतंय, खांब ५ मिमीचा आहे आणि कणाही ५ चा.

मेघना_पुणे

वा! पहिला पट्टा बसला म्हणजे पुढचे बसतील.

दुसरी शंका आधी कारण ती जास्त महत्त्वाची आहे आणि बरोबर वेळेला आलीये. हिशोब बघा. दोन्ही बाजूंचा आतला थर २ अधिक २, वरचा ०.६ अधिक ०.६, झाले ५.२ मिमी. खांबच मुळात ५ चा. म्हणजे कण्याची ५ मिमीची पाटी मागच्या त्या भागात तशीच ठेवली तर सगळं मिळून दहाच्या वर जाईल आणि सुकाणूच्या पुढे भिंत उभी राहील. खऱ्या जहाजात तिथे हल अगदी सुरीसारखं बारीक होत जातं, पाणी सुकाणूवर नीट यावं म्हणून. तेव्हा शेवटच्या फ्रेमच्या मागे, जिथून पट्ट्या कण्यावर सपाट बसायला लागतात तिथे एक बाकदार रेघ मारा आणि त्या रेघेपासून मागे कण्याची पाटी दोन्ही बाजूंनी घासत न्या, खांबापाशी साधारण दीड-दोन मिमी उरेल इतकी. आतल्या थराच्या पट्ट्याही तिथे चिकटवण्याआधी आतल्या बाजूने घासून पातळ करा, आणि चिकटवून झाल्यावर बाहेरून परत घासा. शेवटी वरचा थर धरून खांबाच्या जाडीशी मिळतं यायला पाहिजे. खालचे पट्टे चढवायच्या आधीच हे करा, नंतर तिथे हात जात नाही.

स्टीलर सगळ्यात खाली एकत्र घालू नका, भद्दं दिसतं. १२ मिमी भरायचेत, पाच मिमीचे दोन आणि एक बारीक असे तीन तुकडे धरा आणि ते सहा-सहाच्या खालच्या दोन पट्ट्यांमध्ये, मधे दोन-दोन पट्ट्या सोडून विखरून घाला. कुठे घालायचा हे पट्ट्या स्वतः सांगतात. मधून मागे पट्टी सहज सोडली की ती वरच्या पट्टीपासून दूर जायला लागते, ती फट रुंद होत जाऊन जिथे निम्म्या पट्टीएवढी होते तिथे स्टीलरचं टोक बसतं. टोक सुईसारखं करू नका, ते तुटतं. शेजारच्या पट्टीत छोटा खाचा करून बोथट टोक त्यात बसवा.

देवगडचा_होडीवाला

मागच्या भागाला सहमत. पाण्याखालचा मागचा भाग जाड राहिला तर होडी सुकाणू ऐकत नाही, हे आमच्याकडे कोणीही तांडेल सांगेल. मॉडेल पाण्यात सोडायचं नसलं तरी ज्याला होड्या कळतात त्याची नजर आधी तिथेच जाते.

खऱ्या जहाजात फळ्या धरून ठेवणारे लाकडी खिळे मॉडेलवर दाखवायचे असतील तर बांबूच्या काड्या ओढून बारीक करा, धातूच्या पत्र्याला कमी कमी होत जाणारी भोकं पाडून त्यातून एकेक करून ओढायच्या. बांबूचे रेषे सरळ असतात त्यामुळे तुटत नाही.

शिडवाला_ठाणे

कणा घासायला घेतलाय. शेवटचं एक विचारतो, पाण्याखालच्या भागाला तांब्याचा पत्रा दाखवला तर दुसरा थर तिथे लावायचा की नाही?

टायनकाठचा_मराठी

लावा. पत्रा पातळ असतो, खालचा प्रत्येक खळगा त्यातून दिसतो, त्यामुळे थर लावून गुळगुळीत करून घ्याच, फक्त तिथे किटमधलं चांगलं लाकूड खर्च न करता कुठलंही पातळ व्हिनियर चालेल आणि सांध्यांचा नियमही पाळायची गरज नाही. बीगलला तांबं दाखवणं अगदी बरोबर आहे. १८३१ च्या सफरीआधी तिच्या तळाला फर ह्या देवदारासारख्या झाडाच्या दोन इंच जाड फळ्यांचा जादा थर ठोकला होता, त्यावर फेल्ट म्हणजे नमदा आणि त्यावर नवीन तांबं, म्हणजे तुमचं डबल प्लँकिंग पाण्याखाली तरी खऱ्यासारखंच म्हणायला हरकत नाही.

तांब्याचे पत्रे त्या काळी चार फूट बाय चौदा इंचाचे, १:६० ला वीस मिमी बाय सहा मिमी. रंगीत काचकामाला लागते ती सहा मिमी रुंद चिकट तांब्याची टेप ऑनलाइन मिळते, तिचे वीस मिमीचे तुकडे करा. सुरुवात मागून, सुकाणूच्या खांबापासून आणि कण्यालगत, मग पुढे सरकत नि वर चढत जायचं, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर किंचित चढतो आणि पाणी सांध्यात शिरत नाही. पाणरेषा आधी आखून घ्या. आणि हातमोजे घाला, बोटांचे ठसे तांब्यावर दोन दिवसांत काळे पडतात.